वीस झाले, मामा

भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवशी सकाळी, दत्तगुरूंच्या फोटोच्या खाली आणि तुळशीच्या सुप्रभाताच्या वर, एक व्हिडिओ येऊन पडला होता. पुष्पांजलीच्या हातात कापूस होता. रोज एकशे आठ वाती वळल्याशिवाय ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे, आणि सत्तावन्न झाल्या होत्या. बोटाची राख पदराला पुसून तिनं व्हिडिओवर बोट ठेवलं. मोठा मांडव. पांढऱ्या-पिवळ्या कनाती. पंगतीमागून पंगत, मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. खाली कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘एप्रिल २०२१. जनता घरात, नेते पंगतीत!’ शहराचे पुढारी आणि मिलमालक दुर्गाप्रसादभाऊंच्या आईची, जमुनाबाईंची तेरवी होती ती. त्यांच्या रावणवाडी रोडवरच्या फार्महाऊसवरची. नगर परिषदेची निवडणूक पंधरा दिवसांवर आलेली, तेव्हा असलं काही निघणारच, असं मनात म्हणत ती पुढे सरकवणार, तोच पंगतीमधून एक पाठ वाकत वाकत पुढे येताना दिसली. बत्तीस वर्षं दर दिवाळीला जिला तेल लावलं ती पाठ. ती वळली. मास्क हनुवटीखाली, कमरेशी बुंदीची बादली, आणि तोंडभर आग्रह. “घ्या ना काका, अजून घ्या. लाजता कायले?” लेकीचे, नूतनचे बाबा होते. तिचे स्वतःचे मालक. तिनं व्हिडिओ थांबवला. हातातली वात वळली गेली होती, पण ती अठ्ठावन्नावी की एकोणसाठावी, ते तिला सांगता येईना.

राग येईल म्हणून ती वाट पाहत बसली. राग तिच्या ओळखीचा होता. तो आला की अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं, म्हणजे उकळी बसावी तसा खाली बसायचा. पण राग आलाच नाही. आलं ते भलतंच काहीतरी, पोटाच्या तळातून, आंबट आंबट. लहानपणी भावाच्या, रामलालच्या ताटात सायीचा तुकडा मोठा पडला की यायचं तसं. हेवा. ज्या बाईला ती आयुष्यात दोनदा हळदीकुंकवाला भेटली, त्या मेलेल्या म्हातारीचा हेवा. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. सुरुवातीला बायकांचा घोळका होता आणि त्याच्या मध्ये भाऊंच्या पत्नी निर्मलाबाई रडत होत्या. सासूसाठी रडत होत्या. सासूसाठी कोणती बाई किती रडते ते सगळ्या बायकांना माहीत असतं, पण त्यांच्या पाठीवर हात किती होते! एक सोन्याच्या पाटलीचा, एक काळ्या बांगड्यांचा, एक नुसता सुरकुतलेला. पुष्पांजली बोटानं चित्र थांबवून मोजू लागली. नऊ हात. दहावा पदर सावरत होता. तिच्या आईच्या वेळी तिच्या पाठीवर एकही हात नव्हता. सहा फुटांवर उभ्या राहून बायका नुसत्या तोंडावर पदर धरून होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहून ती रडत होती, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. रडण्याला टेकायला काही लागतं हे तिला तेव्हा कळलं होतं. न टेकता रडलं की ते अर्धंच होतं, उरलेलं आत आंबत राहतं. साडेचार वर्षं आंबत राहिलेलं आज वर आलं होतं आणि ते दुःखासारखं दिसतही नव्हतं.

आई गेली ती करोनानं नव्हे. होळीला म्हणून पुष्पांजली माहेरी केशोरीला गेली आणि बंदी लागली म्हणून तिथेच राहिली. आई, रुख्माबाई, एका दुपारी धान निवडता निवडता भिंतीला टेकल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. चाचणी केली, काही नव्हतं. पण नियम तो नियम. मयतीला वीस माणसं. गावानं तेव्हा दोन्ही वाटांवर बांबू आडवे बांधले होते, आणि तलावाच्या पाळीखाली मसनवटीकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीही एक. पोलीस पाटील म्हणाले, मोजायला कोणी पाहिजे. कोणी तयार होईना; सगळे एकमेकांचे काके-मामे. मग चारचौघं आपोआप तिच्याकडे वळले. पुष्पी खोटं बोलत नाही, हे त्या गावाला ती परकर नेसायची तेव्हापासून ठाऊक होतं. तिनं बांबूजवळ उभं राहून वहीत नावं लिहिली. खांदेकरी, त्यांच्या बदलीचे, रामलाल, त्याची पोरं, न्हावी, लाकडं रचणारे. वीस झाले आणि तिनं खाली रेघ मारली. रेघेची शाई वाळली नसेल, तोच चिचगडहून बिसराममामा आले. जंगलातल्या रस्त्यानं, नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मांडीवर पिशवी, पिशवीत लुगडं. बाई सासरी साठ वर्षं नांदो की सत्तर, जाताना तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. ते भावानं आणायचं आणि भावानंच पांघरायचं. पाटलांनी मुद्दाम तलावाकडे तोंड फिरवलं होतं. ते तिनं पाहिलं होतं. आणि तरी ती हात जोडून म्हणाली होती, “वीस झाले, मामा.” मामांनी बांबूला पिशवी अडकवली, थोडा वेळ पाळीवरून धूर दिसतो का ते पाहत उभे राहिले आणि गेले. त्या पिशवीला हात लावायलाही लोक भ्यायले. ती तीन दिवस उन्हात तशीच होती.

मामा अजून आहेत. दर दिवाळीला फोन करतात. “पुष्पी, बरी आहेस ना व?” ती म्हणते, “मामा, तेव्हा माह्याकडून…” आणि मामा म्हणतात, “तू बराबर केलं बाई. सरकारचा नेम होता.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिचं नाव झालं. कोणीतरी फोटो काढला होता, पेपरात दोन कॉलम आले, ‘नियमासाठी मामालाही थांबवले’. तहसीलदारांचा फोन आला. आणि महिन्याभरात गोंदियातल्या घरी एक प्रमाणपत्र आलं, सोनेरी किनारीचं, ‘करोना योद्धा’, खाली दुर्गाप्रसादभाऊंचा हात जोडलेला फोटो आणि सही. ते तिनं लॅमिनेट करून देवघराशेजारच्या भिंतीवर लावलं. देवांच्या रांगेत नाही, थोडं खाली. पण रोज उदबत्ती ओवाळताना हात तिथवर जायचा हे तिनं स्वतःपासूनही लपवलं होतं. त्याच भाऊंचा आवाज तेव्हा, ती केशोरीला जायच्या आधीपासून, रोज सकाळी कचरागाडीच्या भोंग्यातून गल्लीत यायचा. “मी तुमचा भाऊ, हात जोडून विनंती करतो, घरीच राहा, गर्दी करू नका, आपल्या माणसाला दुरूनच निरोप द्या.” दुरूनच निरोप द्या. किती गोड आवाज. ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर तो तिनं मनोभावे ऐकला होता, कीर्तन ऐकावं तसा. आणि आता तिला कळत होतं, की ज्या आठवड्यात तो भोंगा वाजत होता त्याच आठवड्यात मांडवाचे खांब रोवले जात होते. आईच्या राखेवर पाणी शिंपडून ती मसनवटीतून परतली त्याच दिवशीची ही तेरवी. आणि नूतनचे बाबा? ते फोनवर म्हणाले होते, “नाक्यावरून वापस पाठवून राहिले. पास भेटून नाई राहिला. मी कसा येऊ, तूच सांग.” तिनंच समजूत काढली होती. तुमी नका येऊ, नेम मोडू नका. केशोरीला यायला पास नव्हता आणि बुंदीला होता.

दहाच्या सुमारास गुड्डू आला. गल्लीतलाच मुलगा, आता पस्तिशीचा बाप्या, भाऊंच्या विरोधात उभ्या असलेल्या भैयाजींच्या पक्षाचा शहर सचिव. चपला दारात काढतानाच बोलायला लागला. “काकू, पाहिला ना? चार बजे पत्रकार परिषद आहे, मंगल कार्यालयात. भैयाजींनी खास तुमचं नाव घेतलं. बोलले, एक तरफ भाऊची पंगत, दुसरी तरफ हमारी काकू. मामाला थांबवणारी. जनता रडून देईल, देखना.”

“मी काय बोलू गा तिथं?”

“कुछ नहीं. जे झालं तेच सांगायचं. तुम्ही खोटं बोलत नाही, ये तो पूरे गोंदिया को मालूम.” मग त्याचा आवाज बारीक झाला. “काकाजी दिसतात थोडेसे त्याच्यात. आप टेन्शन मत लो. मी त्यांचा चेहरा धुंदला करून देतो. मोठ्या पडद्यावर कोणाला नाही समजणार.”

“मले समजलं ना.”

गुड्डू हसला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही. “आता भाऊंच्या मिलमध्ये नोकरी म्हटल्यावर बादली धरावीच लागते, काकू. उसमें क्या.” जाता जाता त्यानं भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा फोटो काढून घेतला.

तो गेल्यावर घर फार मोठं वाटू लागलं. तिनं वाती पुन्हा एकपासून मोजायला घेतल्या आणि चाळिसाशी पुन्हा विसरली. जावं, असं वाटत होतं, आणि का वाटतं ते तपासायला गेलं की लाज वाटत होती. भाऊंना शिक्षा व्हावी असं काही तिच्या मनात नव्हतं. मनात जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तिला तो मांडव पाहिजे होता. ती कनात, ते खांब, ती गर्दी, तो गरम भाताचा वास, सगळं उचलून केशोरीच्या अंगणात नेऊन ठेवायचं होतं. निर्मलाबाईंच्या पाठीवरचे नऊ हात एकेक करून सोडवून घ्यायचे होते. आणि तो आग्रह, ‘अजून घ्या ना’, तो तर हक्काचा होता. जावई होते ते. त्यांनी वाकायचं होतं ते रुख्माबाईच्या पंगतीत, आणि त्या पंगतीत होती माणसं पाच, वांग्याची भाजी आणि गार झालेले वडे. तिला वाटलं, आपण सवत पाहिली आहे. रंगरूपाची, हसणारी सवत असती तर चार बायकांत सांगता आलं असतं. ही सवत ऐंशी वर्षांची आणि मेलेली. सोमवारचा, गुरुवारचा, एकादशीचा उपास करून जे शरीर हलकं केलं, त्यात हा दगड कुठून आला? देवापुढे डोळे मिटले तर देवाच्या जागी पंगत दिसू लागली, आणि पंगतीत शेवटच्या पानावर ती स्वतः बसली होती, हात पुढे करून. वाढणारा तिच्यापर्यंत येतच नव्हता.

दुपारी नूतनचे बाबा जेवायला आले. मिलमध्ये नवा धान आलेला, केसांत कोंडा होता. व्हिडिओ त्यांनीही पाहिला असणार. पाय धुवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तिनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली.

“अजी, काय काय होतं जेवायला?”

त्यांचा घास हातातच राहिला. “कुठं?”

“जमुनाबाईच्या तेरवीत.”

“नूतनची माय, भाऊंनी बोलावलं होतं. सगळ्या मिलवाल्यांना बोलावलं होतं. मी नाई कसा म्हणू? माही नोकरी—”

“ते नाई विचारलं मी. जेवायला काय होतं?”

तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि त्यामुळेच त्यांना पळायला वाट राहिली नाही. “वडे होते,” ते म्हणाले. “वांग्याची भाजी. कढी.”

“आंबट होती?”

“नाई. चांगली होती. बुंदी होती.”

“गरम?”

“हाव. गरम होती.”

“मंग? पहिल्या पंगतीत कोण होतं? सांगा ना. बायका कुठं बसल्या? म्हातारीचं नाव घेऊन कोण रडलं?”

ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. पुढ्यातला भात गार होत गेला. मांडव कोणाचा, भटजी कुठून आले, माहेरची माणसं किती गाड्या करून आली, त्यांचे पाय कोणी धुतले. ती एकेक तपशील असा घेत होती की जणू उपाशी बाईनं शितं वेचावीत. मध्येच ते म्हणाले, “भैयाजी तर नऊ वडे जेवले. मीच वाढले. तेव्हा भाऊंच्या मांडीला मांडी लावून बसत होते ना ते. आता व्हिडिओत तेवढीच पंगत कापून टाकली त्यांच्या लोकांनी.” आणि ते थोडं हसले, तिलाही हसू येईल या आशेनं. ती हसली नाही. तिनं विचारलं, “तुमी जेवले?”

त्यांनी ताटातला भात बोटांनी बाजूला सारला. मग म्हणाले, “हाव. शेवटच्या पंगतीत. भूक लागली होती व. बुंदी दोनदा घेतली.” आणि मग त्यांनी जे केलं ते तिनं बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. उष्ट्या हातानंच त्यांनी डोळे पुसले. “तुह्या मायनं मले पहिल्या दिवाळीले पितळी डबाभर अनारसे दिले होते. बादली घेऊन फिरताना तेच आठवून राहिलं होतं. पण पाय काही केशोरीकडे वळले नाई. भाऊंचा भेव होता, करोनाचा नाई.”

तिला वाटलं, आता आत काही सैल होईल. झालं नाही. आईची आठवण त्यांना तिथे, दुसऱ्याच्या मांडवात, दुसऱ्याची बुंदी वाढताना आली. म्हणजे तीही त्या मांडवानंच घेतली. हेव्याला तळ नसतो हे तिनं कथेत ऐकलं होतं. आज पाय टेकवून पाहिला आणि टेकला नाही. “चार वाजता मी जाऊन राहिली,” ती म्हणाली. “विचारतील ते सांगीन.”

“मले मिलमधून काढतील. रिटायर व्हायले दोन वर्षं राहिली आहेत.”

“हाव.”

“काऊन असं करते व? कोणासाठी?”

तिनं त्यांच्यापुढचं ताट उचललं. त्यांनी हात धुतले. चार वाजायला वीस मिनिटं असताना तेच स्कूटर बाहेर काढून उभे राहिले. “ऑटोत कायले जाते,” म्हणाले, “मी सोडून देतो.” रेल्वे फाटक लागलेलं होतं. मालगाडी डब्यामागून डबा जात राहिली आणि तिनं सवयीनं डबे मोजले नाहीत, हे तिला गाडी गेल्यावर लक्षात आलं.

कार्यालयात खुर्च्या भरल्या होत्या. पडद्यावर तिच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र भलंमोठं झालं होतं, त्यातल्या फोटोवर लाल फुली. भैयाजी पांढऱ्या कपड्यांत उठून आले, वाकून तिच्या पायांना हात लावला. “ही आमची माउली,” ते माईकमध्ये म्हणाले. “हिनं सख्ख्या मामाला परत पाठवलं. आणि त्याच वेळी सत्तेत बसलेले पंगती झोडत होते! आम्ही जाब मागतो!” टाळ्या पडल्या. गुड्डूनं तिच्यापुढे माईक सरकवला. नीतू नावाची एक तरुण वार्ताहर पुढच्या खुर्चीत वही उघडून बसली होती, तिनं विचारलं, “काकू, हे पाहून तुम्हाला किती राग आला?”

“राग नाई आला बाई,” पुष्पांजली म्हणाली. माईकमधला स्वतःचा आवाज तिला परक्या बाईसारखा लागला. “मले हेवा वाटला. त्यांच्या म्हातारीले इतकी माणसं आली, माह्या मायले नाई आली, म्हणून. मी घरी बसून अर्धा दिवस तेच करून राहिली होती.” खुर्च्यांमधून कोणी हसलं, कोणी गप्प केलं. “अना मामाचं म्हणाल, तर मले कोणी सांगितलं नव्हतं त्याइले अडवायले. पाटील तिकडं तोंड करून उभे होते. वीस नावं होती वहीत. विसावं नाव माहं होतं. मी स्वतःले मोजलं होतं. मी बांबूच्या बाहेर झाली असती, तर मामा आत गेले असते. हे माह्या ध्यानात तेव्हाच आलं होतं. पण मोजणारी मी होती ना. सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. मले ते सोडवलं नाई.”

भैयाजींनी मान डोलावली, भावुक झाल्यासारखी, आणि माईककडे हात नेला. ती त्यांच्याकडे वळली. “तुमीही होते भैयाजी. पहिल्या पंगतीत. नऊ वडे जेवले.”

मग एकच गलका झाला. गुड्डू म्हणत होता, “काकू की तबीयत ठीक नहीं,” कोणी वायर ओढत होतं, कॅमेरेवाले खुर्च्यांवर चढले होते. भैयाजी हसत हसत सांगत होते की बाई भोळी आहे, कोणीतरी पढवलेलं आहे. त्या सगळ्यातून नीतूचा आवाज वर आला. “काकू, तुम्हाला हे कोणी सांगितलं? साक्षीदार कोण?” तिनं आपला फोन पुढे धरला. फोनच्या पडद्यावर गुड्डूनं पत्रकारांना पाठवलेला व्हिडिओ थांबलेला होता, वाढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर गुड्डूनं लावलेला धुरकट ठिपका. “हा वाढणारा आहे का? कोण आहे हा? नाव काय?”

पुष्पांजलीनं मागे पाहिलं. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, स्कूटरची किल्ली बोटात घेऊन ते उभे होते. केसांत अजून कोंडा होता. बत्तीस वर्षांत, मांडवातला एक उखाणा सोडला तर, तिनं ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही ती नुसतं कार्ड पुढे करायची, आणि दवाखान्यात नूतन सांगायची. तिला ते उच्चारताना जीभ जड होईल असं वाटलं होतं. तशी काही झाली नाही.

“खेमराज,” ती म्हणाली.

आणि दारातून, कोणी बोलावताच माणसानं द्यावी तशी, ओ आली. “हाव. मीच आहो.”